ओयदिनचं खमीर

लेनिनग्राड, ९ जून १९८४

ओयदिन,

मी ठणठणीत आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे आई पुढचं शांतपणे ऐकेल. आईला, गल्लीतल्या सगळ्यांना आणि तंदुराजवळ झोपणाऱ्या त्या आळशी मांजराला माझा सलाम सांग.

बांधकामावरचं काम सोडलं. लगेच कपाळाला हात लावू नको. आज इथल्या विटा तिथं न्यायच्या, उद्या तिथल्या इथं. डोकं फिरलं माझं. आता एका संशोधन संस्थेत लागलोय. काचसामान धुतो आणि यीस्टचं जेवण शिजवतो. हो, यीस्टचं. तुझ्या खमिराचेच हे भाऊबंद. एवढा आगगाडीचा प्रवास करून मी इथं खमिराला जेवू घालायला आलो, हे आईला सांग आणि दोघी पोटभर हसून घ्या.

आमची मोठी बाई वेरा गेनरिखोव्ना. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "शिक्षण?" म्हटलं, "आठवी. पण दर शरदात आमची शाळा कापूस वेचायला शेतात असायची, तेव्हा पाचवी धरा." ती हसली नाही. म्हणाली, "साखर आणि मीठ वेगळं ओळखता येतं? मग पुरे."

काम असं. मी पेज शिजवतो आणि काचेच्या चपट्या बश्यांत ओततो. ती थिजली की वर यीस्ट पेरतात. मग ठिपके उगवतात, लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखे. एकेका ठिपक्यात लाखो जीव, आणि प्रत्येकाच्या आत बारीक धागे. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. जीव कसा निपजणार ते त्या धाग्यांवर ठरतं. तुझ्यामाझ्यातही तसेच धागे आहेत म्हणे. इथल्या यीस्टची जातच अशी जोपासलीय, की त्यातला एक धागा गळाला तर ठिपका लाल न उगवता पांढरा उगवतो. कुठलाही नवा रंग, नवं औषध, नवी फवारणी आली की आधी या यीस्टला पाजतात आणि बघत बसतात, कुठं पांढरं दिसतंय का.

इथपर्यंत आईला वाचून दाखव. पुढचं नको.

तुझं मे महिन्यातलं पत्र मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलंय. डिसेंबर, असं लिहिलंयस तू. मी कुणाला बोललो नाही. गेल्या शरदाबद्दल तू काही लिहीत नाहीस, मीही लिहीत नाही. इथं जूनमध्ये अंधार पडतच नाही, जोडपी नदीकाठानं फिरत राहतात, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपतो. इथला पाव काळा, आंबट आणि ओलसर. मी चावा घेतलेला नान अजून भिंतीवर आहे ना?

तुझा तुल्किन


चिनारसोय, २७ जून

अहो,

आमचा सलाम. ज्या माणसानं घरात कधी पिठाला बोट लावलं नाही तो तिकडं खमिराचा स्वयंपाकी झाला, हे ऐकून आईंच्या हातातला चहाचा वाडगा सांडला. म्हणाल्या, "त्याला सांग, यीस्टला तरी सोडून जाऊ नको."

आणि पुढचं वाचू नको असं लिहीत जाऊ नका. आई कागदाकडे बघत असतात. म्हणाल्या, "पानं दोन आली, ऐकू एकच आलं." म्हटलं, "दुसऱ्यावर यीस्टची माहिती आहे." म्हणाल्या, "तरीच तुझे कान लाल झाले."

नान आहे. खिळ्यावर, तुमच्या टोपीशेजारी. दगड झालाय त्याचा. मी फडक्यानं धूळ पुसते, चाव्याची जागा तेवढी सोडते. दूर जाणाऱ्यानं चावा घ्यायचा आणि परत येऊन त्यानंच तो नान संपवायचा, पण तुम्ही एवढा मोठा घास घेऊन गेलात की संपवायला उरलंय काय, असं आई विचारतात. लष्करात गेलात तेव्हा चावा लहान होता म्हणे.

आपल्या गावचे हमदाम आका खरबुजं विकायला तिकडं येताहेत. त्यांच्याबरोबर जर्दाळू, सुकी तुती, आणि एका पुरचुंडीत आपल्या खमिराचा वाळवलेला गोळा पाठवतेय. आईंना त्यांच्या सासूनं दिलेलं, आईंनी मला दिलेलं. कोमट पाण्यात भिजवा, पिठाचा घास द्या. जरा बोला त्याच्याशी. आम्ही बोलतो.

एक कळलं नाही. पांढरं झालं तर वाईट कसं? मी नवरी होऊन या घरात आले तेव्हा माझ्या पायाखाली पांढरंच कापड अंथरलं होतं.

आता हे तुमच्यापुरतं. मी बरी आहे. उलट्या थांबल्या. कापसाला फुलं आलीत. मुकादम मिर्झाकरीम आका वेचणीची नावं लिहून गेले, त्यात माझंही आहे. तुम्ही असता तर भांडला असता, आणि मला बरं वाटलं असतं.

ओयदिन


लेनिनग्राड, ११ ऑगस्ट

ओयदिन,

हमदाम आकाचं खरबूज एका रशियन बाईनं वास घेऊन परत ठेवलं, तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे खरबूज आहे, नवरा नाही, एवढं काय पारखताय?" सगळा बाजार हसला. पुरचुंडी नीट पोचली.

आमच्या होस्टेलात ऑगस्टातही भिंती गार. तिथं खमीर डोळे उघडेना. पण संस्थेत एक खोली आहे, यीस्टसाठी कायम उबदार ठेवलेली, आपल्या स्वयंपाकघरासारखी. रविवारी तिथं कुणी नसतं. मी तिथं पीठ मळून झाकून ठेवलं आणि दुपारी काचा वाळवायच्या भट्टीत नान भाजला. वाकडा झाला, एका बाजूनं करपला. उभ्यानंच खाल्ला. खोलीभर तुझी पहाटेची ओढणी दरवळत होती. दारावर पाटी आहे खरी, पाव, बिअर, किंवा इथलं ते पाव आंबवून केलेलं पेय, क्वास, आत आणू नये. रोज मीच ती पुसतो. पण म्हटलं, यीस्टच्याच घरात खमिराला कसली बंदी? पाहुणाच तो, आणि नात्यातला.

दुसरी गोष्ट. कामाला एक तपकिरी बाटली आली. वेरा गेनरिखोव्नानं बूच काढलं आणि कुणी काही सांगायच्या आधी मला सप्टेंबर आठवला. कापसाची पानं गाळायची ती फवारणी. विमान खाली येतं, आपण मान खाली घालतो, आणि मग दोन दिवस जिभेवर तीच चव. मी म्हणालो, "हे मला ठाऊक आहे, आमच्या डोक्यावर पडतं." तिनं विचारलं, "डोक्यावर म्हणजे? माणसं शेतात असताना?" म्हटलं, "आणि कुठं असणार?" तिनं बूच घट्ट लावलं. आता यीस्टला ते पाजणार आहेत.

पुढचं मनात वाच. आई, तू दुसरीकडे बघ.

रविवारचा नान खाताना मी निम्मा तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. मग भानावर आलो, आणि तोही मीच खाल्ला.

तुल्किन


लेनिनग्राड, २५ ऑगस्ट

ओयदिन,

हे सगळं मोठ्यानं वाच. आईलाही ऐकू दे.

बश्या उघडल्या. ज्यांना ती फवारणी दिली त्या जवळजवळ सगळ्या पांढऱ्या. न दिलेल्या तशाच लाल. वेरा गेनरिखोव्ना एकेक बशी उचलून उजेडाकडे धरत होती. तू विचारलं होतंस, पांढरं वाईट कसं. तुझ्या पायाखालचं कापड वेगळं. इथं पांढरं म्हणजे एक धागा हरवलेला जीव.

गेल्या शरदात तू त्याच फवारणीखाली वाकली होतीस. ते मूल राहिलं नाही. मी डॉक्टर नाही, ते त्यानंच झालं असं म्हणत नाही. पण या खेपेला तू शेतात पाऊल टाकू नको. गावातही थांबू नको, वारा घरापर्यंत येतो. तुझ्या आजीकडे बोदोमलीला डोंगरात जा. मुकादम ओरडला तर ओरडू दे. माझ्या नावानं ओरड म्हणावं.

तुल्किन


बोदोमली, १२ सप्टेंबर

अहो,

आले. आजी सलाम सांगते. तिला वाटतं तुम्ही अजून लष्करातच आहात.

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. त्या चुलीपाशी बसून होत्या. उठल्या आणि माझं बोचकं बांधायला लागल्या. मुकादम दारात आले तेव्हा आईंनीच सांगितलं, ही जातेय. ते म्हणाले, "लेनिनग्राडला बाटल्या विसळणारा आता आम्हाला शेती शिकवणार?" आई म्हणाल्या, "शिकवू दे की. तुला तरी कुणी शिकवलंय?" मग म्हणाल्या, "सुनेचं नाव खोड, माझं लिही." ते म्हणाले, "आपा, तुमचं वय झालं." आई म्हणाल्या, "मग हळू वेचेन. कापूस कुठं पळून जातोय?"

बैठकीत माझ्या नावानं बरंच बोलले म्हणे. आळशी, डोक्यावर चढवलेली, शहरी नवऱ्याची. मला आळशी म्हटल्याचंच लागलं.

इथं बदाम झोडपून झालेत. मी ओट्यावर बसते आणि खाली दरीत बघते. खूप दूर धुरकट पट्टा दिसतो, ते आपलं शेत. कधी विमान दिसतं, माशीएवढं. तिथं आई आहेत. तुम्ही त्याच्याही पलीकडे आहात. मी अशा जागी येऊन बसलेय की माझी सगळी माणसं खाली राहिली.

एक लिहू का? तुम्ही मुकादमाशी भांडून गाव सोडलं असं सगळे म्हणतात. मी हो म्हणते. पण गेल्या शरदापासून तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. आता पत्रात बघता. मला तेवढंही पुरतं, पण फार दिवस पुरणार नाही.

ओयदिन


लेनिनग्राड, २९ सप्टेंबर

ओयदिन,

हे पत्र तीनदा फाडलं.

वेरा गेनरिखोव्नानं बश्या पुन्हा लावल्या, खात्री करायला. पुन्हा पांढऱ्या आल्या, पण या खेपेला फवारणी न दिलेल्याही पांढऱ्या. तिनं मला हाक मारली. "तुल्किन, इकडे या. वास घ्या." मी बशीवर वाकलो. आपल्या घराचा वास होता. परातीवरचं फडकं उचललं की येतो तो.

ती म्हणाली, "हे आमचं यीस्ट नाही. हे तगडं आहे. आमच्या लेकरांच्या ताटात बसून त्यांचं जेवण खाऊन गेलंय. कुठून आलं?"

म्हटलं, "चिनारसोयहून."

मग सगळं सांगितलं. पुरचुंडी, उबदार खोली, दर रविवारचं पीठ. तिनंच हिशेब जुळवला. पहिल्या खेपेला न दिलेल्या बश्या मी शुक्रवारी ओतल्या होत्या, दिलेल्या सोमवारी. मधल्या रविवारी मी पीठ मळलं. माझ्या हाताला, बाहीला, खोलीच्या हवेला तुझं खमीर लागलं आणि तेच सगळीकडे उगवलं. ते जातीनंच पांढरं. धागा हरवलेलं नव्हेच. फवारणीनं काही केलं की नाही, हे आता कुणालाच माहीत नाही. उन्हाळाभराचं काम कचऱ्यात गेलं.

तिनं ओरडायला हवं होतं. ती चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "कुणी बनवलंय हे खमीर?" म्हटलं, "बायकोनं." "नाव?" आपल्याकडे परक्यापुढं बायकोचं नाव घेत नाहीत. मी घेतलं. तिनं बशीतलं थोडं उचलून एका नळीत पेरलं आणि वर काहीतरी लिहिलं. माझ्याविरुद्ध पुरावा असणार. मला काढलं नाही अजून. फक्त पेज ओतायला बंदी. आता नुसतं धुणं.

म्हणजे मी तुला गावातून हुसकलं, आईला या वयात शेतात लावलं, ते एका करपलेल्या नानासाठी. पुन्हा सगळं लावून निकाल यायला नोव्हेंबर उजाडेल. तोवर वेचणी संपेल. खाली जा असं लिहायला हात उचलत नाही. वर थांब असं सांगायचं तोंड राहिलं नाही. मला काही माहीत नाही, ओयदिन. एवढंच खरं.

तुल्किन


बोदोमली, १४ ऑक्टोबर

अहो,

पत्र वाचून मी आधी रडले, मग हसले. एवढ्या मोठ्या शहरातली एवढी शिकलेली माणसं, आणि त्यांच्या काचेच्या बशीत माझं खमीर जाऊन बसलं. मला कुणी तिथं बोलावलं नव्हतं, तरी मी पोचले.

मी बोचकं बांधलं होतं. आईंची लाज वाटत होती. निरोप पाठवला की चूक झाली होती, मी येते. त्यांचा निरोप आला, दूधवाल्याच्या तोंडून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. "माझा मुलगा आयुष्यभर चुकत आलाय. या खेपेला त्याच्या चुकीनं सून सावलीत बसलीय, तर बसू दे. आधी माहीत नव्हतं, आताही माहीत नाही. मग खाली यायची घाई कशाला?"

मी बोचकं सोडलं. वाईट आहे हे कळलं असतं तर थांबणं सोपं होतं. काहीच वाईट नाही हे कळलं असतं तर उतरणं सोपं होतं. न कळता थांबणं फार जड जातं. दिवसभर पोटावर हात ठेवून बसते. लाथा मारतं. तुमच्यासारखंच आहे, एका जागी थांबत नाही.

आई नान सध्या शेजारून घेतात. दमतात संध्याकाळी. बाकी सगळं ठीक.

ओयदिन


लेनिनग्राड, २० नोव्हेंबर

ओयदिन,

आईला मोठ्यानं वाचून दाखवता येईल असं काही आज आहे.

सगळी खोली उकळत्या पाण्यानं धुतली. कपडे धुतले, माझे आणि दुसऱ्यांचेही. तेवढे दिवस मी पाव खाल्ला नाही, कामावर नाही आणि होस्टेलातही नाही. नुसती गव्हाची लापशी. स्वप्नात तू परात घेऊन यायचीस आणि मीच तुला दारातून परत पाठवायचो.

काल बश्या उघडल्या. वेरा गेनरिखोव्नानं मला बोलावलं, तिला तशी गरज नव्हती. न दिलेल्या बश्या लालभडक. दिलेल्याही लाल. पण लालात कुठं कुठं पांढरे ठिपके. ओसाड शेतात उरलेल्या बोंडांसारखे, दूर दूर. मी वास घेतला. कशाचाच वास नव्हता.

"हे तुमच्या घरचे नाहीत," ती म्हणाली. "हे आमचेच. धागा गळालेले."

म्हटलं, "म्हणजे मी खरं लिहिलं होतं?"

"तुम्ही लिहिलं तेव्हा ते खोटं होतं," ती म्हणाली. "आता थोडं खरं आहे. यीस्टपुरतं. माणसाचं मी सांगू शकत नाही." मग म्हणाली, "घरी बाई आहे ना तुमची? शेतात नव्हती ना?" म्हटलं, "डोंगरात होती." ती खिडकीकडे वळली. "बरं झालं," एवढंच म्हणाली. कागद तिनं वर पाठवलाय. वरून उत्तर आलेलं नाही.

आई शेतात होती. ते माझ्या डोक्यातून जात नाही. तिला सांग, आता तरी बस.

आता माझं. इतकी कामं सोडली मी. हे सोडून जाताना पहिल्यांदा वाईट वाटणार आहे. म्हणजे जाणार आहे, हे तुला कळलं असेलच. पत्रात तुझ्याकडे बघून माझंही भागत नाही.

तुल्किन


चिनारसोय, २ जानेवारी १९८५

अहो,

मुलगी. नव्या वर्षाला दोन दिवस असताना. वजनदार आहे, आवाज तुमच्या आईंचा. सुईण म्हणाली, सगळं जिथल्या तिथं आहे. मी तिला पुन्हा बघायला लावलं. तिनं पुन्हा बघितलं आणि चिडून म्हणाली, "बाई, मी काय कापड विकतेय का?" नाव ठेवलं नाही. तुम्ही आल्यावर.

पहिलं बर्फ पडलं तेव्हाच मी खाली आले होते. आईंना खोकला आहे. त्या म्हणतात, थंडीचा. मी मनात वेचणीचे दिवस मोजते. त्या मुलीला मांडीवरून उतरवत नाहीत.

तुमच्यापासून एक लपवलं होतं. आपलं खमीर गेलं. मी डोंगरात, आई दिवसभर शेतात, त्याला घास द्यायला घरात कुणी नव्हतं. ऑक्टोबरातच काळं पडलं. आईंनी अंगणात तुतीच्या मुळाशी पुरलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "नात मागितली होती, वरच्यानं काहीतरी घेतलंच असतं." शेजारच्यांचं खमीर आणलंय. नान फुगतो, पण घर त्या वासानं उठत नाही.

भिंतीवरचा नान आहे. मुलगी झोपेतून उठली की आधी तिकडंच बघते.

ओयदिन


लेनिनग्राड, १६ जानेवारी

ओयदिन,

तुझं पत्र मी वेरा गेनरिखोव्नाला वाचून दाखवलं, रशियनमध्ये, अडखळत. मुलीच्या ओळीपाशी तिनं चष्मा काढला. खमिराच्या ओळीपाशी ती उठली आणि शीतकपाटाकडे गेली. आत नळ्यांच्या ओळी आहेत, जगभरातून आणलेल्या यीस्टच्या. त्यातली एक काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवली. तळाशी पांढरट साय. वर तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: ओयदिन.

मी पुरावा समजलो होतो.

ती म्हणाली, "चांगलं यीस्ट मी टाकत नाही. माझं काम बिघडवलं म्हणून ते वाईट होत नाही." तिनं त्यातून एक नळी भरून दिली, बुचावर मेण लावलं. मूळ नळी परत जागेवर ठेवली. तेव्हा तुझं खमीर आता तिथं राहील, मी नसलो तरी.

गाडी सोमवारी, २८ तारखेला आहे. नळी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवीन, तुझ्या पत्रांच्या जागी. तिला ऊब लागते. पत्रं थैलीत गेली तर रागावू नको.

मी पोचायच्या आदल्या दिवशी पीठ चाळून ठेव. पाणी कोमट कर. मुलगी आधी आईकडेच असू दे, माझे हात गार असतील. आपण दोघं मिळून खमिराला पहिला घास देऊ. ते फुगेपर्यंत मी कुठं जाणार नाही. फुगल्यावरही नाही.

आणि भिंतीवरचा नान काढू नको. पाण्यात भिजवू पण नको. दात तुटला तरी चालेल, मी आहे तसाच खाईन.

तुल्किन